थकबाकी

दोन वाजल्यापासून काम बंद.
बाररूमच्या फळ्यावर खडूनं नाव आलं,
शिरढोनकर.
ग्वाल्हेरात ण कुणाच्या हाताला बसत नाही;
चाळीस वर्षं ते तो दुरुस्त करत आले,
वकालतनाम्यावर, मतदारयादीत,
पुकाऱ्याच्या तोंडातसुद्धा.
आज फळ्याकडे कुणी उठलं नाही.
मीही नाही.

शोकप्रस्ताव मी वाचला.
अपूरणीय क्षती. मृदुभाषी.
मृदुभाषी ते कधीच नव्हते,
पण मसुदा जुना आहे, नाव तेवढं बदलतं,
आणि दोन मिनिटांचं मौन
कुणाचा तरी फोन वाजेपर्यंतच टिकतं.

बाहेर पायरीवर रामकली, भितरवारची.
सहा वर्षांनी आज तिची साक्ष होती.
पहाटेची बस, फडक्यात बांधलेल्या पुऱ्या,
नवरा ट्रकखाली गेला तेव्हा पोटात असलेली पोर
आता तिच्या शेजारी बसून
खांबावरच्या नोटिसा मोजत होती.
'कौन गओ?'
मी फळा दाखवला. तिला वाचता येत नाही.
तरी खडूच्या अक्षरांना तिनं हात जोडले,
मग माझ्याकडे वळून, 'अब कब की?'
एप्रिलची, म्हटलं.
काम बंद ठेवण्याच्या ठरावात
तिच्यासाठी एक ओळ नसते.
बारा वर्षं मी कार्यकारिणीत आहे.
ती ओळ मीही घातली नाही.

सगळे पांगल्यावर भदौरिया मुन्शीनं रजिस्टर उघडलं.
सभासद क्रमांक तीनशे एकोणीस.
वर्गणी वर्षाला बाराशे, थकली तीन वर्षं.
कल्याण निधीचा नियम सातवा त्याला तोंडपाठ:
थकबाकीदाराच्या वारसाला काही मिळत नाही.
खिडकीबाहेर बघत तो हळूच म्हणाला,
भाईसाब, मागल्या खजिनदाराच्या बुकात
तीन पावत्या कोऱ्या आहेत. मार्चच्या.
शाई मी आणतो.

शाई.
ती कधीची, हे मी किती साक्षीदारांना विचारलंय.
आणि शिरढोणकरांनी एका पटवाऱ्याला
शाईवर नव्हे, टाचणीवर पाडलं होतं भर कोर्टात.
कागद अठ्ठ्याऐंशीचा, टाचणी चकचकीत.
'हिला गंज चढायचा राहून गेला का, पटवारीजी?'
बाहेर येऊन सगळ्यांना बेडई खाऊ घातली,
विरुद्ध पक्षाच्या वकिलालाही.

थकबाकी कशी झाली, ते त्यांच्या ज्युनियरनं सांगितलं,
न विचारता, दारातच उभं राहून,
काळा कोट हातावर घडी करून:
'सर दर एक तारखेला मला पाच हजार द्यायचे.
काम असो, नसो.'
ज्युनियरांच्या मानधनाचा आमचा ठराव
तीन निवडणुका विचाराधीन आहे.
प्रत्येक उमेदवाराच्या पत्रकावर तो असतो,
फोटोच्या खाली, मोबाईल नंबरच्या वर.

कार्यकारिणीत आम्ही पंधरा.
रजिस्टर पुढे चाळलं. नऊ जण थकबाकीदार.
खजिनदार स्वतः, एक वर्ष.
हसू आलं.
मग ते घशातच राहिलं,
कारण खजिनदार मी.

किल्ला दुपारपासूनच धुक्यात होता,
आता समोरची टायपिस्टांची टेबलंही दिसेनात.
त्यांचे छत्तीसशे, माझे बाराशे:
पाचशेच्या दहा नोटा काढल्या,
मुन्शीनं दोनशे परत दिले, पुन्हा एकदा मोजून.
पावत्या फाडल्या. तारीख आजची.
नाव लिहिलं, ण सकट.

शैलजावहिनींचा अर्ज बहुधा फेटाळला जाईल.
मग अपील. मग नियम सातव्याची दुरुस्ती,
मग सर्वसाधारण सभा, जिचा कोरम
चहा येईपर्यंत पुरा होत नाही
आणि चहा संपला की उरत नाही.
तिथं उभं राहून मला सांगावं लागेल
की आमच्यापैकी कोण कोण उद्या असाच मरू शकतो.

मुन्शी डबीत जुनी टाचणी चाचपत होता.
म्हटलं, नवी दे.